राजापूर एवढंसंच का राहिलं?

कोदवलीकर
मे महिन्यात आठ दिवस गावी होतो. भाचा सातवीत आहे. जवाहर चौकात रसवंतीच्या बाकड्यावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मामा, पुस्तकात इंग्रजांच्या वखारी म्हणून सुरत आणि राजापूर अशी नावं शेजारी शेजारी आहेत. मग सुरत केवढी आणि आपलं राजापूर एवढंसं का?"

मला उत्तर देता आलं नाही. रस संपवून उठलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रापासून साधारण पंधरा मैल आत, अर्जुना आणि कोदवली या नद्या जिथे मिळतात तिथे, डोंगरांच्या खोबणीत बसवल्यासारखं गाव. खाडी जैतापूर-मुसाकाजीला समुद्राला मिळते. इंग्रजांची वखार झाली १६४९ च्या सुमारास, म्हणजे मुंबई त्यांच्या हातात यायच्याही आधी. १८१८ ला पेशवाई गेली आणि गाव कंपनी सरकारच्या ताब्यात आलं. १८७६ ला नगरपालिका. एवढा जुना थाट, आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या पाच हजारांच्या थोडी वर. २०११ ला दहा हजारांच्या आतबाहेर. एकशेदहा वर्षांत दुप्पट! मुंबईतल्या एका वसाहतीत याहून जास्त माणसं राहतात.

माझं मत विचाराल तर इंग्रजांनीच गाव उभं केलं आणि मुंबई मिळाल्यावर त्यांनीच वाऱ्यावर सोडलं. तुम्हाला काय वाटतं?

सोलकढी_सम्राट
पहिला!
राजापूर एवढंसं कुठे आहे? अंग पुसायचा राजापुरी पंचा घराघरांत आहे. गाव लहान, पंचा महान.

जुनीवही
धाग्याबद्दल आभार, पण शेवटच्या परिच्छेदाशी साफ असहमत. इंग्रजांनी राजापूर उभं केलं नाही. ते आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आले.

ते आले तेव्हा आदिलशाहीचं हे भरभराटीचं बंदर होतं. अरबांची ये-जा होतीच. घाटावरून मिरी आणि तलम कापड उतरायचं, तेच विकत घ्यायला इंग्रज इथे आले. पुढे फ्रेंचांनीही इथे वखार घातली. गिऱ्हाईक आलं म्हणून बाजार बसत नाही, बाजार आहे म्हणून गिऱ्हाईक येतं.

आणि वखारीचं आयुष्य तरी किती? १६६० ला सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा-दारूगोळा घेऊन जातीने तिथे गेला आणि इंग्रजी निशाण फडकवून गडावर गोळे टाकले. तराजू धरायचा सोडून बत्ती धरली. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. १६६१ च्या सुरुवातीला राजापूरवर घाला आला, वखार खणून काढली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत. सगळे सुटायला १६६३ उजाडलं. पुढे १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, त्याच्या मागण्यांत राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय होताच. त्यानंतर वखार पुन्हा उघडली, पण काही वर्षांतच गुंडाळली.

म्हणजे सगळा मिळून तीसेक वर्षांचा मामला, त्यातली निम्मी वर्षं भांडणात आणि तुरुंगात. एवढ्यावर शहर उभं राहत नसतं.

कोदवलीकर
@जुनीवही, दंडवत. "तराजू सोडून बत्ती" हे भाच्याला सांगतो, परीक्षेत लिहील. पण मग अठराशेअठरानंतर काय? तेव्हा तर अख्खा मुलूखच त्यांचा होता.

पाखाडी
माझं माहेर राजापूरचं. इतिहास मला येत नाही, गाव येतं.

आमच्या घरून बाजारात जायचं म्हणजे पाखाडी उतरायची. पायऱ्या जांभ्याच्या, मधोमध झिजून पन्हळीसारख्या झालेल्या. पावसात तिथूनच पाणी धावायचं आणि आम्ही कागदाच्या होड्या सोडायचो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर आलेलं शेवाळ, त्यात पावसाळ्यात उगवणारे नेचे. आई सांगायची की तिच्या आजेसासूच्या वेळी पेठेतल्या रस्त्यावर छप्पर होतं आणि खाली फरसबंदी. भर पावसात सुकं डोकं घेऊन बाजार करता यायचा. मी हे आजीबाईच्या गोष्टीत टाकलं होतं, तर इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही तेच निघालं: फरसबंद, छपराचा बाजार, अरुंद उभे रस्ते, आणि कोकणातलं सगळ्यांत जुन्या वळणाचं, नीट टिकलेलं गाव.

मला वाटतं उत्तर त्यातच आहे. असं गाव वाढणार कुठे? एका बाजूला नदी, तीन बाजूंना डोंगर. घर बांधायचं तर आधी डोंगर तासायला हवा.

आंबाघाट
पाखाडीताई, जागा कमी हे खरं, पण जागा नसताना मुंबई वाढलीच की. समुद्र बुजवून वाढली.

मी कोल्हापूरकर, त्यामुळे राजापूरकडे नेहमी वरून बघतो (शब्दशः घ्या). कोकणातल्या जुन्या पेठांची यादी करा. रोहा, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. यातली एकही समुद्रावर नाही. सगळ्या आत, नदीवर, आणि नेमक्या तिथे, जिथवर भरतीचं पाणी पोचतं. त्याच्या वर नदी म्हणजे धोंडे. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक घाट.

का? कारण गलबताला फुकट ढकलणारी भरती जिथे थांबते, तिथे माल उतरवावाच लागतो. आणि बैल जिथवर उतरतो, तिथे तो सोडावाच लागतो. पाण्यावरचा माल पाठीवर आणि पाठीवरचा पाण्यावर, ही बदलाबदली जिथे होते तिथे वखार लागते, वजनकाटा लागतो, हमाल लागतो, सावकार लागतो, धर्मशाळा लागते, दोन घास देणारी खानावळ लागते. झालं गाव! राजापुरात काही पिकत नव्हतं. राजापुरात माल थांबत होता. थांबण्यावर गाव जगत होतं.

राजापूरच्या डोक्यावरचा घाट अणुस्कुरा. तिथली दगडी फरसबंदीची बैलवाट अजून दिसते, आम्ही ट्रेकला दोनदा उतरलोय. एका बाजूला बैल चढेल आणि दुसऱ्या बाजूने उतरेल एवढीच रुंदी. इंग्रजांनी आमच्या बाजूला गाडीरस्ते केले ते आंबा आणि फोंडा घाटांत. अणुस्कुरा राहिला बैलाच्या पाठीवर, तिथे मोटाररस्ता झाला तो अगदी आत्ता आत्ता. एका बैलगाडीत जेवढं मावतं तेवढ्याला लदणीचे किती बैल लागतील याचा हिशेब व्यापाऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. तो आपली वाट बदलतो.

आणि १८९१ ला कोल्हापूरला रेल्वे आली. झाला खेळ खलास. गूळ मिरजेमार्गे पुण्या-मुंबईला. घाट उतरायचं कारणच उरलं नाही.

जुनीवही
+१. हे पटलं. मुंबई-पुणे बोरघाटातून रेल्वे १८६३ ला सुरू झाली तेव्हाच कोकणातल्या सगळ्या बंदरांच्या कपाळावर लिहिलं गेलं होतं. कोल्हापूरची गाडी म्हणजे फक्त टाचण्या मारल्या.

बाकी सुरतेबद्दल: भाच्याला सांगा की बंदर म्हणून सुरतही बसलीच. तापीत गाळ भरला, जहाजं मुंबईला गेली. आजची सुरत कापडाची आणि हिऱ्यांची आहे, वखारीची नव्हे.

वाशिष्ठी
@आंबाघाट, तुमचं म्हणणं खरं धरलं तर चिपळूणही बसायला हवं होतं. तेच सगळं आमच्याकडे. गोवळकोटचं बंदर, डोक्यावर कुंभार्ली घाट, भरतीच्या टोकाला पेठ. पण चिपळूण वाढलं ना!

आंबाघाट
कुंभार्लीला गाडीरस्ता लवकर झाला. आणि नंतर कोयना. पोफळीच्या वीजघराने माणसं आणली, कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत आलं, त्या पाण्यावर कारखाने आले. गलबतं थांबायची बंद झाली तोवर दुसरं काहीतरी थांबायला लागलं होतं. राजापूरला ते दुसरं काहीतरी मिळालंच नाही.

वाशिष्ठी
अवजल म्हणू नका हो, पोटात गोळा येतो. २२ जुलै २०२१ ला आमच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यावर पाणी बसून होतं. दोन दिवस गच्चीत. खाली उतरलो तर फ्रिज आडवा पडून दाराला टेकलेला, दार उघडेना. २००५ ला वाटलं होतं की एवढं पाणी आयुष्यात पुन्हा बघायचं नाही. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. तिथली भिजलेली पुस्तकं बघायला मी गेलेच नाही. धीर झाला नाही.

नदीकाठी वाढलेल्या गावाने नदीची जागा खाल्ली की नदी ती मागायला येते. त्या हिशेबाने राजापूर लहान राहिलं ते बरंच म्हणायचं.

कोदवलीकर
राजापूर लहान असून दरसाल बुडतंय, त्याचं काय? जवाहर चौकात पाणी आलं नाही असा पावसाळा मला आठवत नाही. आमच्याकडे पाऊस मिलिमीटरात मोजत नाहीत, "चौकात आलं का?" एवढंच विचारतात.

बाणकोटी
तुम्ही सगळे निदान तालुक्याची गावं तरी आहात. आमच्या बाणकोटचं ऐका.

सावित्रीच्या मुखावरचा हिंमतगड. १७५५ ला कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला आणि नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. व्हिक्टोरिया राणी जन्मायला अजून चौसष्ट वर्षं होती, तेव्हा राणीवरून ठेवलं असं कुणी गाइड सांगायला लागला तर त्याला चहा पाजा आणि पुढे चला. पुढच्या वर्षी पेशव्यांशी तह होऊन बाणकोट कंपनीला कायमचं मिळालं. म्हणजे पुण्यात पेशवाई जोरात असताना इथे साहेबाचं निशाण. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा जिल्हा केला त्याचं मुख्य ठाणं बाणकोट. जिल्ह्याचं ठाणं! आणि १८२२ ला कचेरी उचलली आणि नेली रत्नागिरीला. संपलं. आज बाणकोटला कुणी येतं ते गाडी फेरीत घालून पलीकडे बागमांडल्याला जाण्यासाठी, नाहीतर शेजारी वेळासला कासवं बघायला. कासवं तरी अंडी घालण्यापुरती थांबतात, माणसं तेवढीही थांबत नाहीत.

मांडवीकर
रत्नागिरीचं नाव आलं म्हणून आलो. :)
कचेरी आली म्हणून रत्नागिरी वाढली हे अगदी खरं. कचेरी आली की कारकून आले, कारकून आले की वकील आले, वकील आले की शाळा आल्या. वर सरकारने ब्रह्मदेशचा थिबा राजा आणून ठेवला. तुमच्याकडे मिरी थांबायची, आमच्याकडे राजा थांबला. तोही तीस वर्षं!

सोलकढी_सम्राट
राजा स्वतःहून थांबला नव्हता हो, थांबवून ठेवला होता. धरून आणलेल्या पाहुण्याला पाहुणचाराचं बिल लावू नये.

मुसाकाजी
मी हा धागा चार दिवस वाचतोय. वय त्र्याऐंशी. नातू टंकून देतोय, चुका त्याच्या.

आमच्या लहानपणी मुंबईहून बोट यायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मग मुसाकाजी, पुढे विजयदुर्ग. बोट धक्क्याला लागायची नाही, समुद्रात उभी राहायची. पडाव तिच्या पोटाला नेऊन लावायचा आणि लाट वर आली की उडी. बायाबापड्या, पोरं, ट्रंका, कोंबड्या, सगळं त्या एका लाटेवर. माझ्या आत्याने एकदा तान्ह्या पोराला आधी खाली दिलं आणि तोवर लाट खाली गेली. आत्या बोटीवर, पोर पडावात, मधे दीड पुरुष पाणी. तांडेल म्हणाला, "बाय, थांब. पुढली लाट तुजी." पुढची लाट आली, आत्या उतरली. पुढे तिने ही गोष्ट साठ वर्षं सांगितली.

मग खाडीतून वर यायचं ते भरती धरून. भरतीला निघालो तर होडी आपसूक चालायची, वल्ह्याला नुसता हात. ओहोटी लागली की मधेच कुठेतरी गाळात बसायचं आणि सहा तास चुरमुरे खायचे. माझे आजोबा सांगत, त्यांच्या आजोबांच्या काळी अरबांची गलबतं यायची, खजूर घेऊन. पण ती राजापूरच्या धक्क्यापर्यंत यायची बंद झाली होती. तीन मैल अलीकडेच नांगर टाकायची आणि पुढे माल लहान मचव्यांतून. तेव्हाच खाडी भरत आली होती.

तुम्ही लोक रेल्वे म्हणता, घाट म्हणता. आमच्यात एकच म्हणत. खाडी उथळ झाली, गाव उथळ झालं.

पाखाडी
आजोबा, नमस्कार. "पुढली लाट तुजी" वाचून डोळे भरले. अजून लिहा ना!

जुनीवही
मुसाकाजीकाकांच्या आजोबांचं बरोबर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी नोंदीतही हेच आहे की रत्नागिरी जिल्ह्यात अरबी गलबतं थेट व्यापाराला येतात असं एकच बंदर उरलंय, राजापूर. आणि जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत मोठं गलबत येऊ शकत नाही. घरातली आठवण आणि कागद असे जुळले की मला रात्रीची झोप लागत नाही.

आंबाघाट
मान्य. माझ्या सिद्धान्तात गाळ घालायचा राहिला. डोंगरावरची झाडं सरपणासाठी आणि गलबतांसाठी तुटली, उतारावर नाचणी-वरीची शेती, आणि तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. माती जाणार कुठे? भरतीचं पाणी ज्या टोकाला मंदावतं तिथेच ती बसते. म्हणजे ज्या कारणाने गाव तिथे वसलं त्याच कारणाने बुजलं.

नाणारचा_नाना
एवढं सगळं बोलताय पण मुख्य मुद्दा कुणीच काढत नाही. प्रकल्प येऊ दिला असता तर आज राजापूर

संपादक
वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, उरलेला उडवला आहे. प्रकल्पांवर तीन धागे आधीच चालू आहेत आणि दोन बंद केले आहेत. इथे इतिहास.

सोलकढी_सम्राट
संपादक म्हणजे इथली ओहोटी. माल अर्ध्यातच गाळात.

माईआत्या
राजापूरवर बोलताय आणि सायबाच्या धरणाचं नाव नाही? इंग्रजांनी काही केलं नाही म्हणताय, कोदवलीवरचं धरण कुणी बांधलं? त्यातून नळाने गावात पाणी येतं ते नुसत्या उताराने. पंप नाही, वीज नाही. बाहेरगावी वीज गेली की नळ जातो, आमच्याकडे वीज गेली तरी नळ गाणं म्हणत असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या माहेरी दोन खेपा विहिरीवरून आणायचे. सासरी परसात नळ बघून मी सासूबाईंना विचारलं होतं, हे पाणी वरती चढवतं कोण? त्या म्हणाल्या, सायब. मला कितीतरी दिवस वाटायचं की खरंच कुणीतरी गोरा माणूस डोंगरावर बसून पाणी सोडतो.

आता धरण गाळाने भरलंय, एप्रिल-मेमध्ये पाणी एक दिवसाआड. सायब गेला, गाळ काढायचं काम ठेवून गेला.

कोदवलीकर
माईआत्या, माझं टोपणनाव कोदवलीकर आणि मीच धरण विसरलो. लाज वाटली.

पाणचक्की
अवांतर: राजापूरचा धागा आणि गंगेबद्दल एक ओळ नाही? उन्हाळे गावची गंगा, म्हणजे अधूनमधून वर येणारा झरा, चौदा कुंडं, साधारण तीन वर्षांनी येते, तीनेक महिने राहते आणि जाते. शेजारी गरम पाण्याचे झरे.

सोलकढी_सम्राट
गंगा तीन वर्षांनी येते आणि तीन महिने राहते. आमचे मुंबईचे काका दरवर्षी येतात आणि तीन दिवस राहतात. दोघांच्याही येण्याची तारीख आधी कळत नाही.

परळचा_पोपट
काकांची चेष्टा नको. गाव वाढलं नाही असं म्हणताय, मी म्हणतो गाव वाढलं, पण लालबाग-परळात वाढलं.

माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. एका दहा बाय बाराच्या खोलीत गावचे चौदा जण, पाळ्या लावून झोपायचे. भिंतीवर गावच्या मंडळाची पाटी, कोपऱ्यात ट्रंका, ट्रंकेवर ज्याचं त्याचं नाव. महिन्याच्या दहा तारखेला मनीऑर्डर. गावची कौलं, गणपती, थोरल्या बहिणीचं लग्न, देवळाचा सभामंडप, सगळं त्या मनीऑर्डरीवर. मिरी गेली, गूळ गेला, शेवटी बंदरातून माणूस निर्यात झाला. आणि १९८२ च्या संपानंतर मनीऑर्डरही आटली. आमचे आजोबा ट्रंक घेऊन परत आले ते जाताना होते त्याहून हलकी.

तेव्हा लोकसंख्या मोजायची तर मुंबईतली मोजा. मग बघा राजापूर केवढं ते.

वाशिष्ठी
हे खरं आहे, आणि कोकणातल्या प्रत्येक गावाला लागू आहे. सहमत.

हमालपुरा
थोडा कडू घोट. छपराचा बाजार, फरसबंदी, अरबी खजूर, सगळं छान. पण त्या "बदलाबदली"त माल उचलत कोण होतं? ज्यांच्या पाठीवरून तो गेला त्यांची घरं तेव्हाही गावाबाहेर होती. भरभराटीच्या काळातही त्यांच्या वाट्याला धक्का होता, पेठ नव्हती. महाडही असंच भरतीच्या टोकाचं, भरभराटीचं गाव. तिथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन जावं लागलं. नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता, तरीही! बंदर वाढलं म्हणजे गाव वाढलं असं नसतं. कुणाकुणासाठी वाढलं तेही विचारा.

जुनीवही
@हमालपुरा, योग्य. आपल्याकडे वखारीचा साहेब नावानिशी माहीत आहे, हमालाचं नाव एकाही कागदात नाही.

आंबाघाट
माझ्या प्रतिसादात मी "हमाल लागतो" असं सावकार आणि खानावळ यांच्या मधे टाकून पुढे गेलो होतो. नोंद घेतली.

मांडवीकर
एक शंका. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली. तिने काहीच फरक पडला नाही?

कोदवलीकर
राजापूर रोड स्टेशन गावापासून इतकं लांब आहे की "रोड" हा शब्द फारच प्रामाणिकपणे ठेवलाय. रात्री दोनला उतरलो तर रिक्षावाला म्हणेल ते भाडं.

आणि आता हायवेचा नवा पूल. अर्जुनेवर इतका उंच बांधलाय की वरून गाव खेळण्यातल्यासारखं दिसतं. जुना रस्ता गावात उतरायचा, गाड्या वळणावर थांबायच्या, लोक चहा-वडा खायचे. आता वरच्या वर जातात. चौकाजवळचा हॉटेलवाला मला म्हणाला, "पूर्वी गोव्याला जाणारा माणूस मला शिव्या देत का होईना पण थांबायचा. आता शिवीसुद्धा मिळत नाही." आंबाघाट, तुमचं "थांबण्यावर गाव जगत होतं" वाचलं तेव्हा मला तोच आठवला.

मुसाकाजी
नातू परीक्षेला गेला होता म्हणून उशीर. गाळाचं एक सांगायचं राहिलं. राजापूरच्या धक्क्याला पायऱ्या होत्या. माझ्या मुंजीच्या वेळी आम्ही भट वगैरे मंडळींना आणायला गेलो होतो तेव्हा ओहोटीला मी त्या मोजल्या होत्या. एकवीस. कुणी आता जात असेल तर मोजून सांगा.

पाखाडी
आजोबांचं काम कुणीतरी करा रे. मी दिवाळीशिवाय जात नाही.

कोदवलीकर
धागा वर काढतोय. गणपतीला गेलो होतो, दीड दिवसाचं विसर्जन झाल्यावर भाच्याला घेऊन धक्क्यावर गेलो. ओहोटी पंचांगात बघून गेलो, म्हणजे मुसाकाजीकाकांना हिशेब देताना खोट नको.

आधी वखारीवरून गेलो. भिंती आहेत, भिंतींतून वडाची मुळं आहेत. चिऱ्याच्या सांध्यात मूळ घुसलंय आणि चिरा बाहेर ढकलला गेलाय, एका दातासारखा. भाचा म्हणाला, "हीच का ती, सुरतेच्या शेजारची?" मी हो म्हणालो. त्याने फोटोसुद्धा काढला नाही.

धक्क्याच्या पायऱ्या मोजल्या. आठ. नवव्या पायरीची कड दिसत होती, तिच्यावर चिखल, चिखलात खेकड्यांची भोकं. भाच्याने बांबू घेतला आणि खाली खुपसला. हातभर गेला, मग कमरेएवढा गेला, मग टक् असा आवाज आला. दगड! त्याने बांबू थोडा पुढे सरकवला आणि पुन्हा खुपसला. थोडा जास्त गेला, मग टक्. अशा त्याने चार शोधल्या. पुढे बांबू पुरला नाही. आठ, नववी, आणि या चार. तेरा झाल्या काका. आठ अजून खाली आहेत, असं भाच्याचं म्हणणं. तो पुढच्या मे महिन्यात लांब बांबू आणणार आहे.

पलीकडे जाळं झाडत बसलेले एक गृहस्थ मगापासून बघत होते. त्यांनी विचारलं, "काय हरवलंय का?" भाचा म्हणाला, "पायऱ्या."

मुसाकाजी
तेरा. बरं वाटलं. नातवाला म्हटलं वहीत लिहून ठेव.

सोलकढी_सम्राट
सगळं झालं, पण माझा मूळ मुद्दा राहिलाच. गेलाच होता तर राजापुरी पंचा आणलात का?

कोदवलीकर
पेठेत तीन दुकानं फिरलो. तिसऱ्याने फळीवरून एक गठ्ठा काढला, झटकला आणि म्हणाला, "हा घ्या, इचलकरंजीचा आहे. कालच घाट उतरून आलाय."